निकालावर अनुदान: फुले, शाहू महाराज आणि मुख्याध्यापकांचा हिशेब

१/ शाळेचे उत्पन्न मुलांच्या निकालावर अवलंबून असेल, तर मुख्याध्यापक कोणत्या मुलाला दारात उभे करील? हा पेच महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीच निर्माण झाला होता.

२/ १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी ‘निकालानुसार अनुदान’ पद्धत आणली. सरकारी तपासनीस प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व अंकगणितात परीक्षा घेई. अनुदानाचा मोठा भाग उत्तीर्णांच्या संख्येवर ठरे. स्वतः तपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड यांनी, यामुळे अध्यापन यांत्रिक होते, अशी टीका केली.

३/ हीच पद्धत मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांनाही लागू झाली. शेतात राबणारे, अधूनमधून गैरहजर राहणारे मूल आता शाळेच्या दृष्टीने तोट्याचे ठरू लागले.

४/ १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी नेमके यावर बोट ठेवले. शिक्षणाची गोडी न लागलेल्या गरीब समाजासाठी ही पद्धत योग्य नाही. अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून शिक्षकाचे पोट भरणार नाही. तेथे सरकारनेच शाळा चालवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते.

५/ १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने सरकारने ही पद्धत दूर सारली.

६/ पुढे १९१७ साली कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड होता. येथे मोजमापच बदलले: मूल किती गुण मिळवते, याआधी ते शाळेत आले का, हा प्रश्न आला.

७/ तरीही जुना हिशेब पुरता मिटला नाही. दहावीच्या निकालाची टक्केवारी हीच शाळेची पत ठरली, की कच्च्या विद्यार्थ्याला बाहेरून, १७ नंबरचा फॉर्म भरून परीक्षेला बसवण्याचा मोह मुख्याध्यापकाला होतो. तो नापास झाला, तरी शाळेच्या निकालाला डाग लागत नाही.

८/ परीक्षा मुलाला काय येते ते सांगते. तिच्यावर शाळेचा पैसा वा प्रतिष्ठा टांगली, की कोणते मूल नकोसे आहे, हेही तीच ठरवू लागते. फुल्यांचा आक्षेप या दुसऱ्या कामाला होता.