दोन आकड्यांचे काडतूस

साताऱ्याकडच्या एका स्नेह्यांच्या देवघरात पितळेचे एक उदबत्तीचे घर आहे. बोटभर लांब, वर किंचित निमुळते. घरातल्या तीन पिढ्यांनी त्यात उदबत्ती लावली. मी ते सहज हातात घेऊन उलटे केले, तेव्हा बुडाशी किनॉक हे बर्मिंगहॅमच्या कारखान्याचे नाव आणि ५००/४६५ असा जोड आकडा दिसला. ते शिकारी रायफलचे रिकामे काडतूस होते. कोणाच्या पणजोबांनी कुठे झाडले, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न राहिला. एका काडतुसावर दोन आकडे कशासाठी?

मी काही शस्त्रविद्येचा अभ्यासक नव्हे. नोकरी सांभाळून जुने कागद आणि जुन्या वस्तू यांच्या मागे लागलेला माणूस. पण त्या दोन आकड्यांनी मला फार लांब नेले, आणि शेवटी उत्तर सापडले ते आपल्याच देशातल्या एका सरकारी हुकमात.

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू. पितळी नळकांडे, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी, असे त्याचे चार भाग. गोळी जेवढी जाड तेवढी नळकांड्याची मान रुंद. इंग्रजी पद्धतीत हा आकडा इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. ४५० म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले साडेचारशे. आता कोणाला नवे काडतूस हवे असेल तर तो सहसा नवे नळकांडे ओतत बसत नाही. असलेले घेतो, त्याची मान आवळतो किंवा रुंदावतो, आणि त्या मापाची नळी करून घेतो. दोन आकड्यांचा अर्थ हाच. पहिला आकडा मूळ नळकांड्याच्या जातीचा, दुसरा आवळलेल्या मानेचा. ५००/४६५ म्हणजे पाचशेच्या जातीचे, मान आवळून चारशे पासष्टचे केलेले.

अमेरिकेत अशा घरगुती काडतुसांना ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. कोणत्याही कारखान्याच्या यादीत नसलेले, एखाद्या बंदूक-कारागिराने किंवा हौशी शिकाऱ्याने स्वतःच्या गरजेपुरते घडवलेले काडतूस म्हणजे वाइल्डकॅट. कर्नल टाउनसेंड व्हेलन यांच्या नावाचे ‘३५ व्हेलन’ १९२२ चे. अमेरिकन सैन्याच्या ३०-०६ काडतुसाची मान रुंदावून ते केले होते. रेमिंग्टन कारखान्याने ते आपल्या यादीत घेतले १९८८ साली. मधली सहासष्ट वर्षे ते कारागिरांच्या हातांवरच जगले. माझ्या हातातले काडतूस तसे वाइल्डकॅट नव्हे, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या मोठ्या पेढीचे ते स्वतःचे माल होते. पण त्याचा जन्म तसाच झाला. आधीचे काडतूस हातचे गेले, म्हणून दुसरे घडवावे लागले.

आधीचे काडतूस म्हणजे जॉन रिग्बी यांनी १८९८ साली आणलेले ४५० नायट्रो एक्स्प्रेस. त्याआधी मोठ्या जनावरावर काळ्या दारूच्या बोजड बंदुका चालत. धूर इतका की पहिला बार केल्यावर समोरचे जनावर पडले की अंगावर येते आहे, हेच दिसू नये. कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आली आणि चित्र बदलले. रिग्बींच्या काडतुसातली गोळी ४८० ग्रेनची. आपला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे सोनाराच्या काट्यावर ती भरेल दोन तोळे आठ मासे. ती नळीतून सुटे सेकंदाला सुमारे २१५० फुटांच्या वेगाने.

या काडतुसाचे नळकांडे मात्र सव्वातीन इंच लांब होते. एवढे लांब कशासाठी? कॉर्डाइट उष्णतेने चेकाळते. इंग्लंडच्या थंडीत नीट चाललेले काडतूस मध्यप्रांतातल्या मे महिन्यात जास्त दाब करणार. दाब वाढला की पितळ फुगून नळीच्या घरात घट्ट बसते. दुनळी रायफलला अडकलेले नळकांडे ओढून काढण्याची ताकद बेताचीच असते. दोन बार संपले, नळकांडी निघत नाहीत आणि समोर जखमी गवा, अशा वेळी शिकाऱ्याचे काय होईल ते सांगायला नको. म्हणून दारूला ऐसपैस जागा द्यायची आणि दाब मुद्दाम कमी ठेवायचा, असा तो हिशेब होता.

रिग्बींनी हा शोध स्वतःपुरता ठेवला नाही. इतर पेढ्याही ४५० च्या रायफली करू लागल्या. संस्थानिक आणि गोरे अधिकारी हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. आणि मग १९०७ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये ४५० च्या रायफली आणि काडतुसे आणण्यास बंदी केली.

कारण शिकारीशी संबंधित नव्हतेच. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस होते ५७७/४५०. अशा अनेक रायफली सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या आणि सरकारला नको असलेल्या इतर हातांत पोचल्या होत्या. रायफल मिळाली तरी तिला खाद्य लागते. शिकारीच्या नावाखाली आलेल्या ४५० च्या मालातून ते मिळेल, ही सरकारची धास्ती होती. वास्तविक रिग्बींचे लांब सरळ काडतूस मार्टिनीच्या आखूड, बाटलीच्या आकाराच्या घरात बसतच नाही. फार तर त्यातली गोळी काढून पुन्हा वापरता आली असती. पण १८५७ साली एका काडतुसापायी काय घडले ते पाहिलेल्या राजवटीला तेवढी शंकाही पुरेशी होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नव्हते, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. राष्ट्रसभेने त्याविरुद्ध ठरावांमागून ठराव केले. त्याच भीतीची झळ या वेळी गोऱ्या शिकाऱ्याच्या बंदुकीपर्यंत पोचली.

पेढ्यांना हिंदुस्थानचा बाजार सोडणे परवडणारे नव्हते. मग आकडा बदलण्याची धांदल उडाली. हॉलंडने ५००/४६५ काढले, जोसेफ लँगचे ४७० आले, जेफ्रीचे ४७५ नंबर दोन आले, वेस्टली रिचर्ड्सचे ४७६ आले. ५००/४६५ ची गोळी ४८० ग्रेनची, वेग २१५० फूट. म्हणजे बंदी घातलेल्या काडतुसाची गोळी आणि वेग जसेच्या तसे! वाघाला किंवा गव्याला त्यात काही फरक कळला नसता. फरक होता तो कस्टमच्या कारकुनाला.

काडतूस हे जनावराचे वजन आणि कातडीची जाडी पाहून ठरते, असे मला वाटत होते. ते अर्धेच खरे. कायदा, हवा आणि हाती असलेले पितळ ही तिन्ही मिळून ते ठरवतात. याचा दुसरा पुरावा आफ्रिकेत मिळतो, आणि तो जास्त रक्ताळलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्य आटत गेले. महागड्या दुनळी रायफलींचे गिऱ्हाईक कमी झाले आणि साठच्या दशकात किनॉकची ही मोठी काडतुसेही बंद होत गेली. ती जागा घेण्यासाठी अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने १९५६ साली ४५८ विंचेस्टर मॅग्नम आणले. ५०० ग्रेनची गोळी, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तोळे, आणि कागदावर वेग २१३० फूट. पण स्वस्त, नेहमीच्या लांबीच्या बोल्ट रायफलीत ते मावावे म्हणून नळकांडे अडीच इंचांचेच ठेवले. रिग्बींनी उष्णतेसाठी सोडलेली जागा इथे उरलीच नाही. दारू ठासून भरावी लागे, काही काडतुसांत तिचा गठ्ठा होई आणि ती नीट पेटत नसे. शिकाऱ्यांच्या आखूड नळ्यांतून वेग दोन हजारांच्याही खाली येई.

१९५९ साली मोझांबिकमध्ये जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला जखमी रानरेड्याने तुडवले. त्यांच्या हातात हीच ४५८ होती. ते वाचले, पण त्या काडतुसावरचा विश्वास उडाला. त्यांनी हॉलंडचेच १९१२ सालचे ३७५ मॅग्नम काडतूस घेतले, त्याचे नळकांडे सरळ केले, लांबी २.८ इंच ठेवली आणि त्यात ४५८ ची गोळी बसवली. वाढलेली जागा पाव इंचाच्या आसपास, पण गोळीचा वेग २३०० फुटांपर्यंत गेला. १९७१ साली हे ‘४५८ लॉट’ पुढे आले. हे खरेखुरे वाइल्डकॅट. त्यातली शहाणपणाची गोष्ट अशी, की लॉटच्या रायफलीत जुने आखूड ४५८ विंचेस्टरही चालते. आफ्रिकेच्या आडगावात आपली पेटी हरवली तर दुकानात मिळेल ते काडतूस घालता यावे, हा विचार त्यामागे होता. तीसेक वर्षांनी, २००२ च्या सुमारास, मोठ्या कारखान्यांनी त्याची काडतुसे आणि रायफली काढल्या.

बहुतेक वाइल्डकॅटांचे असे होत नाही. करणाऱ्याबरोबर ती संपतात, कारण त्यांच्यामागे हौसेपलीकडचे कारण नसते. जी टिकली, त्यांच्यामागे कोणाची तरी खरी अडचण होती.

आकड्याला फार भुलू नये हेही खरे. त्याच १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना सर जॉन हेवेट यांनी २७५ रिग्बी भेट दिली. ते काडतूस म्हणजे जर्मनांचे सात मिलिमीटर माउझर, फक्त इंग्रजी नावाचे. तेवढ्या बारीक गोळीने कॉर्बेटनी पुढे नरभक्षक मारले. नेम आणि धीर यांचे माप कुठल्याच काडतुसाच्या बुडाशी छापलेले नसते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा हा अध्याय मिटला, आणि तो मिटला हे बरेच झाले. गव्यांचे कळप आज कोयनेच्या आणि राधानगरीच्या रानात दिसतात, ते मेजावर ठेवण्याच्या शिंगांपेक्षा कितीतरी देखणे आहेत. उरल्या आहेत त्या अशा वस्तू. दिवाळीच्या आवराआवरीत मोडीत काढायच्या पितळेत असे एखादे नळकांडे निघाले, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याचे बूड वाचा. टोपी आणि गोळी शाबूत असेल तर हात न लावता पोलिसांना कळवा. रिकामे असेल तर आकडा तेवढा वहीत टिपून ठेवा. साताऱ्याच्या देवघरात उदबत्तीचे घर जागेवरच आहे. फक्त आता घरातल्या मुलांना त्याच्यावरचे दोन आकडे का, ते सांगता येते.