धाव, स्टेपनी आणि बाबांचे टायर

गेल्या डिसेंबरात पुण्याहून हट्ट्याला जात होतो. झिरो फाटा सोडून औंढ्याच्या रस्त्याला लागलो आणि थोडं पुढे गेल्यावर समोर अचानक उसाची ट्रॉली उगवली. उगवली हाच शब्द बरोबर, कारण तिला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. संध्याकाळचे साडेसात झालेले. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी जराशी तिरकी झाली, खर्रर्र आवाज करत पुढे सरकत राहिली आणि बॉनेट व ऊस यांच्यात हातभर अंतर उरलं तेव्हा एकदाची थांबली. मागच्या सीटवर आई, आणि तिच्या मांडीवर झोपलेली माझी लेक.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "या ट्रॉलीवाल्यांना काही अक्कल नाही."

ते खरंच होतं. पण तो खर्रर्र आवाज ट्रॉलीचा नव्हता, आमचा होता.

गाडी बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली, 2012 ची हॅचबॅक. एबीएस वगैरे नाही (ते आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं). निघायच्या दोन महिने आधी सर्व्हिसिंग केलं होतं आणि बिलावर 'ब्रेक ओके' असं छापून आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या मिस्त्रींनी पुढचं चाक काढलं आणि काही न बोलता मला फक्त बोटाने दाखवलं. पॅडवरचा मसाला संपून नुसती लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती. डिस्कवर चरे असे, की जात्याला टाकी लावावी तसे. टायरच्या कडेवर चार आकडे होते: 1117. म्हणजे 2017 सालचा अकरावा आठवडा. रबराला बारीक भेगा पडलेल्या.

"चारही बदलावे लागतील," मी म्हणालो.

"कशाला बदलायलास? नक्षी दिसायलीय की अजून!" इति बाबा.

आमच्या घरात टायर या विषयावर दोन पक्ष आहेत ते असे. बाबा कंजूस नाहीत. माझ्या शिक्षणाच्या वेळी त्यांनी काय काय विकलं ते मला माहीत आहे. पण टायर, चप्पल आणि टॉर्चचे सेल या तीन गोष्टी पूर्ण संपल्याशिवाय बदलायच्या नाहीत हा त्यांचा नियम आहे. हा नियम येतो कुठून, हे डोक्यात घुसलं आणि पुढचे दोन-तीन वीकांत त्यातच गेले.

सुरुवात आजोबांच्या बैलगाडीपासून करावी लागते. लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी बसवतात तिला आपल्याकडे 'धाव' म्हणतात. कारच्या टायरला हा शब्द का वापरला नाही कुणास ठाऊक, किती सुंदर शब्द आहे. सुतार बाभळीचं चाक करायचा आणि त्यावर धाव चढवायचं काम लोहाराचं. कडं चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायचं. मग गोवऱ्यांच्या गोल आगीत ते लाल होईपर्यंत तापवायचं, तिघाचौघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायचं आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि आरे, तुंबा, पाटे असं सगळं चाक एकमेकांत करकचून आवळलं जातं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे आम्हाला आकृतीसकट शिकवलं तेव्हा प्राध्यापकांनी उदाहरण रेल्वेच्या चाकाचं दिलं होतं. गावच्या लोहाराचं दिलं असतं तर मला तेव्हाच कळलं असतं. उन्हाळ्यात लाकूड वाळलं की धाव सैल व्हायची, मग चाक पाण्यात भिजत ठेवायचं. सुतार आणि लोहार दोघेही बलुतेदार, मोबदला खळ्यावर धान्यात. म्हणजे धाव ही दुकानातून आणायची वस्तूच नव्हती. ती दुरुस्त व्हायची, पुन्हा तापवून पुन्हा चढायची. झिजली म्हणून फेकून द्यायची ही कल्पनाच तिथे नाही.

आणि ब्रेक? आमचा भाग सपाट. बैल थांबले की गाडी थांबली. उतारावर चाकाखाली दगड. मी गंमत म्हणून हिशोब केला: टनभर वजनाची बैलगाडी ताशी चार किलोमीटरने चालली असेल तर तिच्यात साधारण सहाशे ज्यूल ऊर्जा असते. पाच माणसं भरलेली आमची गाडी, धरा बाराशे किलो, ताशी ऐंशीने जाताना जवळजवळ तीन लाख ज्यूल. फरक पाचशेपट! तीन लाख ज्यूल म्हणजे एक लिटर पाणी उकळायला लागते तेवढी उष्णता. ट्रॉली दिसली तेव्हा माझ्या चार चाकांना काही सेकंदांत हे आधण ठेवायचं होतं, आणि त्यातली दोन तर लोखंडावर लोखंड घासत होती.

रबर आणि ब्रेक यांच्या इतिहासात 1888 हे साल मजेशीर आहे. बेलफास्टमधला जॉन बॉइड डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवून पाहिल्यावर त्याने त्या वर्षी पेटंट घेतलं. (पुढे ते रद्द झालं, कारण रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना 1845 मध्येच नोंदवली होती.) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. सोबत दोन मुलं. वाटेत लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगचा हा पहिला प्रयोग मानला जातो. फॅमिली कारचा पहिला लांबचा प्रवास, तो माहेरचा, आणि वाटेत ब्रेकचं काम. आपण फार काही वेगळं करत नाही मंडळी. :)

चामड्याचा संबंध इथेच संपत नाही. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने 1897 मध्ये ब्रेकच्या पट्ट्या बनवायला सुरुवात केली. डोंगरातले गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात हे त्याने पाहिलं होतं, असं सांगतात. आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावातला 'ई' घालून त्याने कंपनीला नाव दिलं: फेरोडो. आमच्याकडे प्रवास उलट्या दिशेने झाला. टायर संपला की त्याच्या चपला. बाबा पाचवीपर्यंत टायरच्या चपला घालून शाळेत गेले. ते सांगतात त्या पायात कधी झिजल्याच नाहीत, फक्त पाय मोठे झाले.

हट्टा तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाच्या रेल्वेने जून 1932 मध्ये बससेवा सुरू केली: 27 बस आणि 166 कर्मचारी. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या, टायरही बाहेरचेच. हिंदुस्थानात टायरचा पहिला कारखाना डनलॉपने कलकत्त्याजवळ साहागंजला काढला, 1936 मध्ये. मग युद्ध आलं. 1942 च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि पाठोपाठ जावा-सुमात्रा घेतलं आणि दोस्त राष्ट्रांचं जवळजवळ सगळं नैसर्गिक रबर गेलं. टायर रेशनवर आले. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या आणि टायरवर टायर चढवून, ठिगळं लावून वापरणं हे शहाणपण ठरलं.

स्वातंत्र्यानंतर टंचाई संपली असं वाटेल, पण ती फक्त कायमची झाली. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला. तिथे फिएट 1100 बनायची, तीच सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. मूळची इटलीतल्या तोरिनोची सिएट कंपनी 1958 मध्ये भारतात आली, टायरचा कारखाना भांडुपला. ब्रेकचे लायनर करणारी हिंदुस्थान फेरोडो, म्हणजे त्या फ्रूडसाहेबाचंच नाव, घाटकोपरला. कुर्ला, घाटकोपर, भांडुप. एका लोकलच्या तिकिटात गाडी, ब्रेक आणि टायर! आणि तरीही साध्या माणसाला गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, कारण किती बनवायचं हे सरकार ठरवायचं. बाबांचे एक मामा परभणीत टॅक्सी चालवायचे. नवा टायर मिळायला ओळख लागायची आणि मिळाला की त्याची बातमी व्हायची, असं बाबा आजही सांगतात.

यातून जन्मली ती रिमोल्डची दुनिया. आज ज्या एमआरएफचे टायर सगळीकडे दिसतात, ती कंपनी मद्रासमध्ये 1946 मध्ये फुगे करायची. 1952 मध्ये तिने जुन्या टायरवर चढवायचं रबर करायला घेतलं आणि स्वतःचा टायर करायला 1961 उजाडलं. म्हणजे टायर नवा करण्याआधी जुना जगवण्याचा धंदा. त्याच 1961 मध्ये राज्याचं एसटी महामंडळ झालं आणि मराठवाड्याच्या बस त्यात आल्या. एसटीचे टायर पुनःस्तरणाचे स्वतःचे कारखाने आहेत. नीट केलेलं रिमोल्डिंग वाईट नसतं हेही सांगितलं पाहिजे, विमानांचे टायरसुद्धा अनेकदा असेच पुन्हा वापरतात. वाईट असतो तो रस्त्याकडेला कुणीतरी गरम ब्लेडने नवी नक्षी कोरून दिलेला टायर.

त्या काळातला एक शब्द आपण अजून वापरतो: स्टेपनी. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींना जादा चाक नसायचं, तेव्हा त्यांनी पंक्चर चाकावर अडकवायची हवा भरलेली रिम काढली. ब्रिटनमध्ये हा शब्द लोक विसरले. झिरो फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला तो पाठ आहे.

बैलगाडीलाही रबर आलंच. लोखंडी धाव डांबरी रस्ता कापते आणि काळ्या मातीत रुतते, हवेचा टायर दोन्ही करत नाही. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्याच्या कामात आयुष्याचा मोठा भाग घातला. (आयआयएम आणि बैलगाडी! आजच्या प्लेसमेंटवाल्यांना सांगून बघा.) ऊसतोडीत तर 'टायरगाडी' हा टोळीचा एक प्रकारच आहे: गाडी कारखान्याची, बैल मजुराचे. लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा टायरगाडीत ऊस जास्त बसतो, म्हणून बैलांच्या मानेवरचं ओझंही वाढतं. वसमतला पूर्णा कारखाना आहे, त्यामुळे हे सगळं आमच्या रस्त्यावर रोज दिसतं. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जास्त. बिनदिव्याच्या.

बाबांचा नियम टंचाईत घडला, हे मला इथवर आल्यावर पटलं. पण त्यांच्या डोक्यातला टायर जुन्या बांधणीचा, क्रॉसप्लाय. मिशलॅंने 1946 मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं, भारतात जेके टायरने तो 1977 मध्ये आणला. रेडियल टिकतो जास्त, पण रबर नुसत्या चालण्याने झिजत नाही, ऊन आणि हवेने म्हातारंही होतं. नक्षी दिसतेय पण पकड गेलीय, असं होऊ शकतं. नियमाचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 94 क्रमांकाप्रमाणे कारच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. आमची होती दोनच्या आसपास. कायद्याने बाबा जिंकले! 2023 मध्ये समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी परिवहन विभागाने टायर तपासून गोटा टायरवाल्यांना परत पाठवायला सुरुवात केली, तिथूनही आम्ही बहुधा सुटलो असतो. ट्रॉलीपासून हातभर अंतरावर सुटलो तसेच.

मागचे ड्रम उघडले तेव्हा मिस्त्रींनी आतली काळी धूळ तोंडाने फुंकली. मी ओरडलोच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. उष्णता सोसणारं, स्वस्त आणि फुप्फुसात गेलं की बाहेर न येणारं. ब्रेकच्या पट्ट्या करणाऱ्या कामगारांना जगभर त्याचे आजार झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1995 मध्ये आदेश दिला, की ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं ठेवा. चाळीस वर्षं, कारण आजार इतक्या उशिरा उगवतो. आता पॅडच्या खोक्यावर 'ॲस्बेस्टॉस फ्री' लिहिलेलं असतं. पण मिस्त्री तीस वर्षं फुंकतायत. त्यांना ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं तर हसून म्हणाले, "साहेब, पुण्याला असंच करतेत का?" पुण्याला काय करतात ते मी 'ओके'च्या बिलात पाहिलंच होतं. गप्प बसलो. पण नंतर त्यांनी फडकं ओलं केलं, हेही खरं.

पॅड, दोन्ही डिस्क, मागचे शू आणि ब्रेक ऑइल एवढं झालं. टायर परभणीहून आणले. बाबा सोबत आले होते. दुकानात त्यांनी प्रत्येक टायरवरचे चार आकडे चष्मा पुसून वाचले, त्यातला एक आठ महिन्यांचा जुना निघाला म्हणून बदलून मागितला, आणि दुकानदाराने तो बदलून दिला.

परत आल्यावर जुने चारही टायर डिकीतून काढले. दोन काकांनी गोठ्याच्या भिंतीला लावायला नेले. एकाचा लेकीसाठी लिंबाला झोका झाला. चौथा बाबांनी उचलून बाजूला ठेवला.

"हा कशाला?"

"स्टेपनीला," ते म्हणाले. "नक्षी दिसायलीय की."