राईएवढें सत्कृत्य

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी कर्जत स्टेशनावर घटकाभर थांबते, तेव्हां प्रवासी खिडकींतून सह्याद्रीच्या रांगेकडे पाहतो. ह्या मुलुखाचा इतिहास त्याला विचारला, तर तो चार ठळक गोष्टी सांगेल. १६६१ सालीं खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडींत शिवाजी महाराजांनीं कारतलबखानाच्या फौजेची कोंडी केली. १८६३ सालीं बोरघाटांतून रेल्वे धांवूं लागली. १९०७ सालीं नेरळहून माथेरानवर लहान गाडी चढली. १९१५ सालीं खोपोलीस टाटांचें वीजघर सुरू झालें. शाळेंत मुलांना मींही हेंच शिकविलें, आणि तें खरेंच आहे. परंतु आपण इतिहासकार ज्या काट्यावर माणसांचीं कामें तोलतों, तो लाकडाच्या वखारींतला काटा आहे. मणाखालचें वजन त्यावर दिसत नाहीं. घाटांतल्या वाटेवर कोणी तहानलेल्यास ओंजळभर पाणी दिलें, कोणी वाटेंतला काटा उचलून बाजूस टाकला, ह्याची नोंद कोणत्याही बखरींत सांपडावयाची नाहीं.

सोनाराच्या काट्याहूनही नाजूक असा एक तराजू इस्लाम धर्मानें कल्पिला आहे. त्याविषयीं आज मला आपणांशीं थोडें बोलावयाचें आहे.

कुराणाच्या एकविसाव्या अध्यायांत न्यायाच्या दिवशीं मांडल्या जाणाऱ्या तराजूचें वर्णन आहे. मोहरीच्या दाण्याएवढें कृत्यही त्यांतून सुटणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. नव्याण्णवाव्या अध्यायाचा शेवटही असाच आहे : कणभर चांगलें करणाऱ्यास तें पुढें दिसेल, आणि कणभर वाईट करणाऱ्यासही तें दिसेल. आपण मराठींत राईचा पर्वत करणें हा दोष मानतों. येथें मात्र राईला राईच म्हणून पुरती किंमत दिली आहे. तिचा पर्वत करण्याची गरजच उरली नाहीं.

ह्या शिकवणुकीला ऐतिहासिक कारणही आहे. इ. स. ६२२ मध्यें महंमद पैगंबर व त्यांचे अनुयायी मक्का सोडून मदिनेस आले. ह्या स्थलांतरितांपैकीं पुष्कळांचीं घरेंदारें व मालमत्ता मागें राहिली होती. नव्या समाजांत दान देणारे थोडे आणि घेणारे फार, अशी स्थिति होती. हदीसच्या संग्रहांत एक प्रसंग येतो. कांहीं गरीब अनुयायांनीं पैगंबरांकडे गाऱ्हाणें मांडलें कीं, श्रीमंत आमच्याप्रमाणेंच प्रार्थना करतात, उपवास करतात, आणि वर दानही करतात. मग सारें पुण्य तेच नेणार, आम्हांस काय उरलें? पैगंबरांनीं त्यांना असें समजाविलें कीं, दान म्हणजे केवळ पैसा नव्हे. ईश्वराचें स्मरण हें दान, चांगल्या गोष्टीस प्रवृत्त करणें हें दान, वाईटापासून परावृत्त करणें हेंही दान. हें उत्तर फार दूरदृष्टीचें आहे. ज्याच्या हातीं कवडी नाहीं तो मनुष्य नेहमीं घेणाराच राहिला, तर त्याचा मान जातो. त्याच्या हातीं देण्याजोगें कांहीं तरी ठेवलें, म्हणजे तो समाजाचा बरोबरीचा घटक होतो.

जकात आणि सदका ह्यांतील भेद येथें ध्यानांत घेतला पाहिजे. ठराविक मर्यादेपेक्षां अधिक धन वर्षभर ज्याच्यापाशीं राहिलें, त्यानें रोकड, सोनें व चांदी ह्यांचा चाळिसावा हिस्सा देणें ही जकात, ती सक्तीची. सदका हें ऐच्छिक दान. तें राजापासून हमालापर्यंत कोणासही करतां येतें. नवव्या शतकांत बुखारी व मुस्लिम ह्या दोन विद्वानांनीं जे हदीस संग्रहिले, त्यांत ह्या ऐच्छिक दानाचीं उदाहरणें पाहिलीं, तर तीं अगदीं घरगुती वाटतात. खजुराचें अर्धें फळ देणें, एखाद्यास जनावरावर चढावयास हात देणें, रस्त्यावरील काटेरी फांदी दूर करणें, रस्सा शिजवितांना पाणी थोडें वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवणें. एका वाटसरूनें विहिरींत उतरून आपल्या जोड्यांत पाणी भरून आणलें व तें तहानेल्या कुत्र्यास पाजलें. तेवढ्यावर त्याचे अपराध क्षमा झाले, अशीही कथा आहे. झाड लावणाऱ्याविषयीं म्हटलें आहे कीं, त्याचें फळ पांखरानें खाल्लें, गुरानें खाल्लें वा माणसानें खाल्लें, तरी लावणाऱ्याच्या नांवें तें दानच जमा होतें.

मात्र ह्या लहान कृत्यांस दोन अटी आहेत. पहिली शुद्ध हेतूची. देऊन बोलून दाखविलें कीं दान नासतें, असें कुराणाच्या दुसऱ्याच अध्यायांत बजाविलें आहे. दुसरी अट सातत्याची. ईश्वरास सर्वांत प्रिय काम तें, जें थोडें कां होईना पण नित्य चालतें, असा पैगंबरांचा अभिप्राय नमूद आहे. एके दिवशीं शंभर घागरी ओतून वर्षभर कोरडें राहण्यापेक्षां रोज एक घागर भरून ठेवणें बरें, हें आपल्या गृहिणींना निराळें सांगावयास नको.

अशीं लहान कृत्यें नित्य चालावींत म्हणून इस्लामी समाजानें वक्फाची, म्हणजे कायम धर्मादायाची, संस्था वाढविली. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हा १३२६ सालीं दमास्कसला पोहोंचला. तेथें गल्लींत एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीचें ताट पडून फुटलेलें त्यानें पाहिलें. लोक जमले. त्यांतील एकानें पोराला तुकडे गोळा करून भांड्यांच्या धर्मादायाच्या कारभाऱ्याकडे नेण्यास सांगितलें, आणि तेथें त्याला नव्या ताटाची किंमत मिळाली. धनी पोराला मारील किंवा निदान रागें भरेल, ही भीति त्यामुळें टळली. एका पोराचा मार चुकावा म्हणून शहरानें धर्मादाय राखावा, ही गोष्ट इब्न बतूतास इतकी मोलाची वाटली कीं, त्यानें ती प्रवासवर्णनांत टिपून ठेविली. हाच गृहस्थ पुढें आपल्या देवगिरीसही येऊन गेला.

महाराष्ट्रांत ह्या परंपरेची पाऊलखूण पहावयाची तर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथील पाणचक्की पहावी. बाबा शाह मुसाफिर ह्या सत्पुरुषाच्या दर्ग्यापाशीं, दूरच्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी नळानें आणून, त्याच्या जोरावर जातें फिरविलें. अठराव्या शतकांतील ही योजना. पीठ दळलें जाई तें फकीर व वाटसरू ह्यांच्या भाकरीसाठीं. यंत्र मोठें, पण हेतु एका भाकरीएवढा.

आतां पुन्हां आपल्या घाटाच्या पायथ्याशीं येऊं. ह्या भागांत पाण्याची किंमत काय आहे, तें उंबरखिंडीनेंच सांगितलें आहे. त्या रानांत अडकलेलें सैन्य तहानेनें कासावीस झाल्याचें वर्णन कवींद्र परमानंदानें ‘शिवभारत’ ह्या संस्कृत काव्यांत केलें आहे. शत्रु शरण आल्यावर महाराजांनीं खंडणी घेऊन त्याला जिवंत वाट दिली. पुढें नाना फडणविसांनीं ह्याच घाटाच्या तळाशीं खोपोलीस तलाव व महादेवाचें देऊळ बांधिलें. घाट चढणाऱ्या माणसांची व बैलांची तहान त्यांनीं ओळखली होती. इ. स. ६८० मध्यें करबला येथें पैगंबरांचे नातू हुसेन व त्यांचे सोबती पाण्यावांचून तळमळले. त्या स्मृतीनें मोहरमांत थंड पाणी व सरबत वाटतात, त्या जागेला ‘सबील’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘वाट’. पाणपोई आणि सबील ह्या दोन शब्दांखालीं रांजण एकच असतो, आणि त्याचें पाणी पिणाऱ्यास त्याची भाषा कोणी विचारीत नाहीं.

कर्जत तालुक्यांतील माथेरानच्या गाडीचें नांव मुंबईचे दाऊदी बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभाई ह्यांच्याशीं जोडलेलें आहे. लहानपणीं मुंबईच्या रस्त्यांवर काड्यापेट्या विकून त्यांनीं आरंभ केला, असें सांगतात. सुमारें सोळा लाख रुपये खर्चून, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांच्या देखरेखीखालीं, १९०४ ते १९०७ ह्या काळांत ही दोन फूट रुंदीची वाट डोंगरावर चढविली गेली. ही गाडी हा व्यापार होता. तिला दान म्हणणें खरें होणार नाहीं. आदमजींचें दान पहावयाचें तर मुंबईंत चर्नी रोड स्टेशनाजवळील, त्यांच्या नांवाचें आरोग्यभवन पहावें. तरीही आदमजींचें उदाहरण मला एका कारणासाठीं महत्त्वाचें वाटतें. ज्या मुलाजवळ काड्यापेट्यांखेरीज कांहीं नव्हतें, त्याच्याकडून कोणी एक पेटी अधिक घेतली असेल, कोणी त्याला सावलींत बसूं दिलें असेल. त्या माणसांचीं नांवें कोठेंही नाहींत. गाडीची नोंद आपणांपाशीं आहे. सावली देणाराची नोंद फक्त त्या दुसऱ्या तराजूवर आहे.

येथें एक रास्त शंका निघते. लहान कृत्यांची एवढी थोरवी गाइली, तर मोठीं कर्तव्यें टाळणाऱ्यांस आयतें निमित्त मिळणार नाहीं काय ? शेजाऱ्याकडे पाहून हंसलें कीं झालें, असें सधन मनुष्य म्हणूं लागेल. परंतु इस्लामनें ही पळवाट ठेविली नाहीं. सदका कितीही केला तरी जकात माफ होत नाहीं. उलट, कुराणांतील एका छोट्या अध्यायाला ‘माऊन’ असें नांव आहे. त्याचा अर्थ नित्य उपयोगाची क्षुल्लक वस्तु. अनाथाला झिडकारणारे, आणि प्रार्थना करूनही शेजाऱ्याला साधी वस्तु नाकारणारे, ह्यांचा त्यांत धिक्कार आहे. म्हणजे मोठ्या धर्माचरणानें लहान कर्तव्य फिटत नाहीं, आणि लहान कृत्यानें मोठें कर्तव्य फिटत नाहीं. दोन्हींचे हिशेब वेगळे.

हे दोन्ही हिशेब ह्याच खालापूर तालुक्यानें एका रात्रींत पाहिले. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं मुसळधार पावसांत इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडी ह्या ठाकरवस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें बेपत्ताच राहिलीं. वाडीस मोटारीचा रस्ता नव्हता. माती उपसण्याचीं अवजड यंत्रें वर जाऊं शकलीं नाहींत. जें कांहीं झालें तें पायीं चढून, फावड्यानें आणि हातानें झालें. डोंगराखालच्या वस्तीला सुरक्षित जागा मिळवून देणें हें मोठें कर्तव्य. तें सरकारचें व समाजाचें, आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण त्या पहाटे चिखलांतून पाण्याचा डबा वर नेणाऱ्याचें काम त्यामुळें हलकें ठरत नाहीं. पर्वत कोसळला तेव्हां राईएवढीं कृत्येंच कामीं आलीं.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांचें मूळ गांव कोठें तरी खेड्यांत असेल. तेथें गेलांत तर किल्ला व देऊळ पाहालच. त्याबरोबर घरांतल्या वडीलधाऱ्यांना एवढें विचारावें कीं, येथील वाटेवर रांजण कोण भरून ठेवी, हें झाड कोणी लाविलें, आजारी परक्या माणसाला कोणाच्या ओटीवर जागा मिळे. उत्तर मिळालें तर वहींत तारीख घालून लिहून ठेवावें. नांव हिंदूचें असो वा मुसलमानाचें. तो रांजण आज रिकामा असेल तर तो भरण्याची सोय करून परत यावें, आणि ती गोष्ट मात्र वहींत लिहूं नये.