वर्गणी कोणाच्या दारात मिळते?

8 फेब्रुवारी 2012. सॅन फ्रान्सिस्कोतल्या डबल फाइन नावाच्या गेम स्टुडिओनं इंटरनेटवर एक व्हिडिओ टाकला. स्टुडिओचा मालक टिम शेफर कॅमेऱ्याकडे बघून सांगत होता, की मला जुन्या पद्धतीचा 'पॉइंट अँड क्लिक' साहसी गेम बनवायचाय, पण ही कल्पना घेऊन प्रकाशकाकडे गेलो तर तो तोंडावर हसेल. तेव्हा पैसे तुम्हीच द्या. मागणी 4 लाख डॉलरची होती. 3 लाख गेमसाठी आणि 1 लाख तो गेम कसा बनतो याच्या माहितीपटासाठी.

4 लाख नऊ तासांच्या आत जमले. 24 तासांत आकडा 10 लाखांवर गेला. 13 मार्चला मुदत संपली तेव्हा 87,142 लोकांनी मिळून 33 लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली होती. त्या दिवशी गेमला नावही नव्हतं. गोष्ट नव्हती, पात्रं नव्हती, एक चित्रसुद्धा नव्हतं.

नसलेल्या वस्तूला इतके पैसे कोण देतं? गेमसाठीच्या क्राउडफंडिंगचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे. त्याचं उत्तर 'गर्दी' असं दिलं जातं. मला ते चुकीचं वाटतं. का, ते सांगतो. आणि शेवटी ही गोष्ट आपल्या पुण्यात येऊन पोचते, तेही सांगतो.

आधी शेफरवर ही वेळ का आली ते बघू. नव्वदच्या दशकात तो लुकासआर्ट्समध्ये होता. रॉन गिल्बर्टच्या 'मंकी आयलंड'वर त्यानं काम केलं आणि 1998 मध्ये 'ग्रिम फँडँगो' स्वतः उभा केला. या गेममध्ये मारामारीपेक्षा गप्पा, विनोद आणि कोडी जास्त. पुढे बंदुकांचे, शर्यतींचे गेम प्रचंड खपू लागले आणि मोठ्या प्रकाशकांनी या प्रकाराकडे पाठ फिरवली. तेव्हाचा व्यवहार साधारण असा असे: प्रकाशक आगाऊ पैसे देणार, टप्प्याटप्प्यानं काम तपासणार, गेम विकला गेला की आधी स्वतःची रक्कम वसूल करणार, आणि बऱ्याचदा गेमचे हक्कही आपल्याकडे ठेवणार. डिस्क छापून दुकानादुकानांत पोचवणं फक्त त्यालाच जमत होतं, म्हणून लोकांना काय हवंय हेही तोच ठरवायचा.

मग डिस्क गेली. 2003 साली स्टीम आलं, 2008 मध्ये आयफोनचं ॲप स्टोअर. तयार गेम विकायला आता प्रकाशक लागेना. पण गेम तयार होईपर्यंतच्या दोन-तीन वर्षांचं घरभाडं आणि पगार कोण देणार, हा प्रश्न राहिलाच. 2009 मध्ये सुरू झालेलं किकस्टार्टर नेमकं याच फटीत शिरलं. नियम सोपा. किती पैसे हवेत आणि कधीपर्यंत, ते आधी जाहीर करायचं. मुदतीत रक्कम जमली तर पैसे मिळतील, त्यातले 5 टक्के किकस्टार्टरचे. रक्कम थोडी जरी कमी पडली, तरी कोणाच्याच खात्यातून काही जाणार नाही.

कल्पना जुनीच होती. 1885 मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशांअभावी रखडला, तेव्हा जोसेफ पुलित्झरनं आपल्या वर्तमानपत्रातून वर्गणी मागितली आणि देणाऱ्यांची नावं छापली. एक लाखाहून जास्त माणसांनी पैसे दिले, बहुतेकांनी एका डॉलरहूनही कमी. आपल्याकडे श्याम बेनेगलांचा 'मंथन' (1976) गुजरातच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये देऊन उभा केला. पटकथा विजय तेंडुलकरांची.

पण हे 5 लाख शेतकरी म्हणजे वाटेवरची गर्दी नव्हती. ते दूध सहकारी संस्थांचे सभासद होते आणि सिनेमा त्यांच्याच चळवळीवर होता. पुलित्झरचे देणगीदार रोज त्याचा पेपर वाचत होते. गणपतीची वर्गणी मागायला आपण तरी कुठे जातो? स्वतःच्याच गल्लीत. ज्या दारात 'तू अमक्याचा मुलगा ना?' असं विचारलं जातं, तिथेच पावती फाटते. दुसऱ्या पेठेत जाऊन मागून बघा!

शेफरची गल्ली वीस वर्षं जुनी होती. लहानपणी वडिलांच्या कॉम्प्युटरवर 'मंकी आयलंड' खेळलेली पोरं 2012 पर्यंत कमावती झाली होती. त्यांनी पैसे न बनलेल्या गेमला दिले नाहीत, आठवणीला दिले. गर्दी दिसली, पण होती ती ओळख.

लहान मोहिमांकडे बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. 2013 मध्ये टोबी फॉक्सनं 'अंडरटेल'साठी फक्त 5 हजार डॉलर मागितले. 2,398 लोकांनी 51 हजार दिले. फॉक्स तोवर गेमच्या जगात अनोळखी होता, पण 'होमस्टक' या वेबकॉमिकच्या चाहत्यांना त्याचं संगीत माहीत होतं. शिवाय मोहिमेआधीच त्यानं खेळता येईल असा नमुना फुकट ठेवला होता. म्हणजे आधी ओळख, मग मागणी. 2015 मध्ये आलेला तो गेम आज अनेकांच्या आवडत्या यादीत आहे.

पण वर्गणी घेतली की हिशेब द्यावा लागतो. इथे हिशेब पैशांचा कमी आणि शब्दाचा जास्त. 4 लाखांचा गेम ठरवलेल्या शेफरनं 33 लाख आल्यावर स्वप्नही तेवढंच मोठं केलं. जुलै 2013 मध्ये त्याला वर्गणीदारांना कळवावं लागलं, की पैसे पुरत नाहीत, गेमचे दोन भाग करतो. पहिला विकून दुसरा पूर्ण करतो. 'ब्रोकन एज' या नावानं पहिला भाग जानेवारी 2014 मध्ये आला, दुसरा एप्रिल 2015 मध्ये. मूळ वायदा ऑक्टोबर 2012 चा होता. काही वर्गणीदार भडकले. पण त्यांनीच पैसे दिलेल्या माहितीपटात बैठका, वाद, कोसळणारी वेळापत्रकं सगळं दिसत होतं. गेम इतका महाग का असतो, हे खेळणाऱ्यांना इतक्या जवळून क्वचितच कोणी दाखवलं असेल.

किकस्टार्टरनं सप्टेंबर 2012 मध्येच जाहीर केलं होतं, की हे दुकान नाही. पण डेबिट कार्डातून पैसे गेले की माणूस स्वतःला गिऱ्हाईकच समजतो. त्यात 'वाढीव उद्दिष्टं' नावाची खोड लागली: अमुक रकमेच्या पुढे गेलो तर तमुक गोष्टही देऊ. 'शव्हल नाइट'च्या छोट्या चमूनं 75 हजार डॉलर मागितले, 3 लाख 11 हजार मिळाले. पैसे तरीही संपले आणि शेवटचे काही महिने त्यांनी पगाराविना काम केलं. गेम जून 2014 मध्ये आला, गाजला. वाढीव उद्दिष्टांमध्ये कबूल केलेला शेवटचा भाग मात्र डिसेंबर 2019 मध्ये पूर्ण झाला. एका महिन्याच्या उत्साहात दिलेला शब्द सहा वर्षं पाळत बसावं लागलं.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या टीम चेरीची गोष्ट अशीच. 2014 च्या अखेरीस 'हॉलो नाइट'साठी 2,158 लोकांनी 57 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दिले. हॉर्नेट हे पात्र खेळायला देऊ, हे त्यातलं एक वाढीव उद्दिष्ट. ते वाढत वाढत स्वतंत्र गेमच झालं. तो गेम, 'सिल्कसाँग', 4 सप्टेंबर 2025 ला आला आणि खरेदीच्या झुंबडीत स्टीमसकट ऑनलाइन दुकानं काही काळ बंद पडली. एवढ्या झुंबडीचं मूळ 2,158 माणसांत होतं. उलट टोकाला 'स्टार सिटिझन'. 2012 मध्ये सुरू झालेल्या या गेमनं 2022 पर्यंत 50 कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, पण पूर्ण गेम तेव्हाही आलेला नव्हता.

आता पुणे. इथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं 2017 च्या अखेरीस 'राजी: ॲन एन्शंट एपिक'साठी किकस्टार्टरवर मोहीम उघडली. राजी ही भटक्या खेळ्यांमधली मुलगी, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. राजस्थानी किल्ले, पहाडी शैलीची चित्रं, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेल्या देवांच्या कथा. किकस्टार्टरवर भारतातून मोहीम उघडण्याची सोय नव्हती, त्यामुळे मागणी पौंडांत होती: 1 लाख 20 हजार. दाखवायला खेळता येणारा नमुनाही होता. तरी रक्कम जमली नाही. नियमाप्रमाणे हातात शून्य.

गेम वाईट होता म्हणून हे झालं नाही, ते पुढे दिसलंच. कमी पडली ती गल्ली. किकस्टार्टरवर पैसे देणारा अमेरिकेतला, युरोपातला माणूस दुर्गा किंवा महाबलासुर या नावांसोबत वाढलेला नव्हता. जो वाढला होता, तो फुकटचे गेम मोबाइलवर खेळत होता, आणि अजून न बनलेल्या गेमला पैसे देण्याची सवय त्याला कधी लागलीच नव्हती. म्हणजे तुम्ही आणि मी.

मोहीम पडल्यावर स्टुडिओच्या एका सहसंस्थापिकेनं स्वतःचा फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. नंतर प्रकाशक मिळाला. ऑगस्ट 2020 मध्ये 'राजी' निंटेंडो स्विचवर आला, दोन महिन्यांनी इतर यंत्रांवर. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होतं.

पदार्पण, म्हणजे ज्याला अजून कोणी ओळखत नाही त्याचं पहिलं काम. वर्गणीची गरज सगळ्यात जास्त त्यालाच असते आणि ठोठावायला दारं सगळ्यात कमी त्याच्याकडेच. म्हणून त्याची पहिली पावती घरच्याच नावानं फाटते. पुण्यात ती एका फ्लॅटएवढी होती.