जिन्याचे गणित

मराठीत माणसाची पत पायरीने मोजतात. ‘आपली पायरी ओळखून राहावे’, ‘पायरी सोडून बोलू नये’ असे आपण सहज म्हणतो. पण ज्या लाकडी वा दगडी पायरीवरून हा शब्द मनाला चिकटला, ती किती उंच असावी आणि किती रुंद, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो सुताराचा नाहीतर गवंड्याचा प्रश्न, असे समजून आपण वर चढून जातो. या साध्या प्रश्नाला मात्र किमान दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचे उत्तर चुकले की हाडे मोडतात.

शब्दांतही हा इतिहास थोडासा दिसतो. ‘पायरी’ ही पायावरून आलेली, ‘सोपान’ संस्कृत, तर ‘जिना’ फारसी. शिडी आणि जिना यांतला फरक आपल्याला न सांगता कळतो. शिडीवर हातांचा आधार लागतो, जिन्यावर पायांनी भागते. हा फरक नेमका कुठे सुरू होतो, हे आकड्यांत मांडण्याचा प्रयत्न सतराव्या शतकात पॅरिसमध्ये झाला. त्याआधीचा थोडा मागोवा घेऊ.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने आपल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथाच्या नवव्या भागात जिन्याचा उल्लेख केला आहे, आणि तोही पायथागोरसच्या संदर्भात. तीन, चार आणि पाच या बाजूंचा काटकोन त्रिकोण कशाकशाला उपयोगी पडतो हे सांगताना तो म्हणतो की, मजल्याची उंची तीन भाग धरावी, जिन्याचा पाया चार भाग लांब घ्यावा, म्हणजे तिरकी बाजू बरोबर पाच भाग येईल. या जिन्याची चढण सुमारे 37 अंशांची होते. देवळाच्या पायऱ्यांसाठी त्याचे माप वेगळे आहे. त्या जास्त रुंद असाव्यात आणि त्यांची संख्या विषम असावी, कारण उजवे पाऊल टाकून चढायला सुरुवात केली की वरही उजवेच पाऊल आधी पडते.

1570 मध्ये व्हेनिसहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आंद्रेआ पॅलाडिओ यानेही विषम संख्येचा आग्रह कायम ठेवला. पायरीची उंची अर्ध्या फुटाहून जास्त नसावी, जिना लांब असेल तर त्याहूनही कमी ठेवावी, पाऊल ठेवायची जागा एक ते दीड फूट असावी, असे त्याने लिहिले. हे सल्ले चांगले आहेत. पण उंची आणि रुंदी या दोन मापांचा एकमेकांशी संबंध काय, हे त्यांत नाही. उंची वाढली तर रुंदीचे काय करायचे? त्याचे उत्तर फ्रँस्वा ब्लाँडेल याने दिले.

हा ब्लाँडेल (1618–1686) मूळचा लष्करी अभियंता आणि गणिती. पॅरिसमधील सॅं-दनी ही भव्य वेस त्याचीच. (अठराव्या शतकात झाँक-फ्रँस्वा ब्लाँडेल नावाचा आणखी एक प्रसिद्ध वास्तुशिक्षक होऊन गेला. दोघांची गल्लत पुष्कळदा होते.) चौदाव्या लुईच्या राजवटीत 1671 साली शाही वास्तुविद्या अकादमी स्थापन झाली आणि ब्लाँडेल तिचा पहिला संचालक झाला. तिथल्या व्याख्यानांतून तयार झालेला त्याचा ग्रंथ 1675 ते 1683 या काळात छापला गेला. त्यात जिन्याचा तो नियम आहे.

त्याचा विचार इतका सोपा आहे की आधी कोणाला का सुचला नसेल, असे वाटते. सपाट जमिनीवर सहज चालणाऱ्या माणसाचे पाऊल 24 इंचांचे पडते, असे त्याने धरले. सरळ उभ्या शिडीवर चढताना हेच पाऊल 12 इंच वर जाते. म्हणजे वर जायच्या एका इंचाला पुढे जायचे दोन इंच खर्ची पडतात. जिना या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो. म्हणून पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज 24 इंच यावी. उंची 6 इंच असेल तर रुंदी 12, उंची 7 असेल तर रुंदी 10. शिडी आणि जिना यांतला फरक प्रथमच असा एका रेषेवर बसला. नियमाचा आधारही राजवाड्याची शोभा किंवा देवळाचा शकुन हा नव्हता. माणसाचे चालते पाऊल हा त्याचा आधार होता.

या नियमाचा पुढचा प्रवास मोठा गमतीचा आहे. ब्लाँडेलचा इंच फ्रेंच राजाच्या पायावरचा, म्हणजे राजाच्या फुटाचा बारावा भाग, आजच्या हिशेबाने सुमारे 27 मिलिमीटर. इंग्रजी इंच 25.4 मिलिमीटरचा. त्यामुळे ब्लाँडेलचे 24 इंच म्हणजे जवळजवळ 65 सेंटिमीटर, आणि इंग्रजी 24 इंच म्हणजे 61. नियम इंग्रजीत गेला तेव्हा 24 हा आकडा पुष्कळ ठिकाणी तसाच राहिला, आणि पाऊल मात्र चार सेंटिमीटरने आखूड झाले. पुढे कारागिरांनी ‘24 ते 25’ अशी सवलत घेतली. त्याशिवाय उंची आणि रुंदीची बेरीज 17 ते 18 इंच यावी, गुणाकार 70 ते 75 यावा, असे आणखी दोन ठोकताळे रूढ झाले. 7 आणि 10 या जोडीला हे तिन्ही लागू पडतात, म्हणून ती सुतारांची आवडती जोडी झाली.

आपल्याकडे गज आणि तसू ही मापे होती. गजाचा चोविसावा भाग म्हणजे तसू. इंग्रजी बांधकामांबरोबर फूट-इंच आले आणि इंचाच्या आठव्या भागाला कारागीर सूत म्हणू लागले. ते सूत आजही टिकून आहे. मात्र आपल्या जुन्या वाड्यांतले जिने ब्लाँडेलच्या रेषेवर बसत नाहीत. भिंतीच्या जाडीत दडवलेला, अंधारा, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा अरुंद जिना ही वाड्याची ओळखीची खूण. पायऱ्या इतक्या उंच की हाताला धरायला वरून दोर लोंबत असे. दोर लागतो तिथे जिना संपून शिडी सुरू झालेली असते. अशा जिन्याची कारणमीमांसा करताना संरक्षणाचा मुद्दा नेहमी सांगितला जातो, आणि त्यात तथ्य आहे. पण रोज त्या जिन्याने पाण्याची घागर नाहीतर लहान मूल घेऊन जाणाऱ्या बाईचा एक हात आधीच गुंतलेला असे. तिचे पाऊल त्या हिशेबात धरलेले दिसत नाही.

आता सुताराकडे वळू. ब्लाँडेलने पायरी किती असावी हे सांगितले. पण प्रत्यक्ष घरात मजल्याची उंची ठरलेली असते आणि पायऱ्यांची संख्या पूर्णांकातच लागते. समजा, खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत बरोबर 10 फूट, म्हणजे 120 इंच आहेत. पायरी 7 इंचांच्या आसपास हवी. 120 ला 7 ने भागले तर 17 येतात आणि एक इंच उरतो. त्या उरलेल्या इंचाचे काय करायचे, यात सुताराची परीक्षा असते. घाईतला माणूस 16 पायऱ्या 7 इंचांच्या करील आणि सतरावी 8 इंचांची. जाणता सुतार 120 ला 17 ने भागेल. प्रत्येक पायरी 7 इंच आणि जेमतेम अर्धे सूत येईल.

हे अर्धे सूत 17 वेळा टेपने मोजत गेले तर चूक साठत जाते. त्यावर जुन्या सुतारांचा उपाय आकड्यांशिवायचा होता. एक सरळ पट्टी दोन मजल्यांच्या मधे उभी करायची आणि तिच्यावर पूर्ण उंचीची खूण करायची. मग कंपासचे दोन पाय अंदाजे पायरीएवढे उघडून खालून वर पावले टाकत जायचे. शेवटचे पाऊल खुणेच्या पुढे गेले तर कंपास किंचित मिटायचा, मागे राहिले तर किंचित उघडायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. सतरावे पाऊल बरोबर खुणेवर पडेपर्यंत हे चालते. भागाकार न येणाराही या रीतीने पूर्ण समान पायऱ्या करू शकतो. तीच पट्टी मग शेवटपर्यंत कामावर राहते.

पट्टीनंतर येतो गुण्या. लोखंडी गुण्याच्या एका पात्यावर पायरीची उंची आणि दुसऱ्यावर रुंदी धरून तो बाजूच्या तिरक्या फळीवर सरकवत न्यायचा आणि करवतीच्या रेषा मारायच्या. उंच्या 17 असल्या तरी रुंद्या 16 च लागतात, कारण सतरावे पाऊल वरच्या मजल्यावरच पडते. नवशिक्याचा पहिला गोंधळ इथे होतो. दुसरा गोंधळ अधिक घातक. खाचा 7 इंचांच्या बरोबर कापल्या आणि त्यांवर एक इंच जाडीच्या फळ्या ठोकल्या, की पहिली पायरी जमिनीपासून 8 इंच होते आणि शेवटची 6. मधल्या सगळ्या अचूक असतात. म्हणून तिरकी फळी उभी करण्याआधी तिच्या तळातून पायरीच्या फळीच्या जाडीएवढा तुकडा कापून टाकावा लागतो. जिना बसवल्यानंतर खाली फरशी घातली, तर हाच हिशेब उलटा बिघडतो.

हे ज्ञान शतकानुशतके हातातून हातात गेले. ते कागदावर आणणाऱ्यांत स्कॉटलंडचा पीटर निकल्सन (1765–1844) महत्त्वाचा. तो स्वतः फर्निचर करणाऱ्याकडे उमेदवारी केलेला कारागीर. 1792 मध्ये त्याने सुतारांसाठी मार्गदर्शक ग्रंथ काढला आणि पुढे जिने व वळणाऱ्या कठड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. वळत वर जाणारा कठडा सपाट लाकडातून कसा कापायचा, ही सुतारकामातली सर्वांत अवघड भूमिती त्याने मांडली. अकादमीतला ब्लाँडेल आणि कारखान्यातून आलेला निकल्सन यांच्यामध्ये शंभर वर्षे आहेत. त्या काळातल्या आणि आधीच्याही असंख्य सुतारांची नावे कुठेही नाहीत.

विसाव्या शतकात ब्लाँडेलचा नियम प्रयोगशाळेत गेला. जेम्स मार्स्टन फिच, जॉन टेंपलर आणि त्यांचे सहकारी यांनी 1974 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये जिन्याच्या मापांवर लेख लिहिला. टेंपलर यांचा जिन्यावरील दोन खंडांचा अभ्यास 1992 मध्ये आला. त्यांत पुढे आलेली अडचण अशी की ब्लाँडेलला माणसाची चाल माहीत होती, पण त्याच्या सूत्रात तळव्याची लांबी नव्हती. 8 इंच उंच आणि 8 इंच रुंद पायरीही त्याच्या बेरजेत बरोबर बसते. तिच्यावरून चढता येते, पण उतरताना टाच मागे अडते, पाऊल तिरके टाकावे लागते किंवा चवडा हवेत राहतो. आणि जिन्यावरचे जास्त धोक्याचे काम उतरण्याचेच आहे.

अमेरिकेत 1990 च्या दशकात घरातल्या जिन्यावरून झालेला वाद या संदर्भात बोलका आहे. सुरक्षिततेचे पुरस्कर्ते उंची जास्तीत जास्त 7 इंच आणि रुंदी कमीत कमी 11 इंच मागत होते. घरे बांधणाऱ्यांच्या संघटनेचा त्याला विरोध होता, कारण जागा आणि खर्च. 2000 सालच्या निवासी संहितेत तडजोड म्हणून पावणेआठ आणि 10 इंच ही मापे आली. आपल्या 10 फुटांच्या उदाहरणात पाहा. पहिल्या मापाने 18 उंच्या आणि 17 रुंद्या लागतात, जिना 187 इंच जागा घेतो. दुसऱ्या मापाने 16 उंच्या, 15 रुंद्या आणि 150 इंच. भांडण होते ते या तीन फुटांचे. पावणेआठाची दुप्पट अधिक 10 म्हणजे साडेपंचवीस इंच, म्हणजे जवळजवळ 65 सेंटिमीटर. ब्लाँडेलचे मूळ पाऊल, मिलिमीटरच्या फरकाने! म्हणजे सूत्राला दोन्ही बाजू मान्य होत्या. निवाडा करायला सूत्र पुरेसे नव्हते. म्हाताऱ्या माणसाच्या पायाखाली एक इंच जास्त जागा द्यायची की नाही, हा प्रश्न गणिताबाहेरचा होता. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरासाठी उंची जास्तीत जास्त 19 आणि रुंदी कमीत कमी 25 सेंटिमीटर आहे. बेरीज 63.

त्याच अमेरिकी संहितेतला दुसरा नियम मात्र सुताराच्या पट्टीचा आहे. एका जिन्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत बुटकी पायरी यांत 3 सुतांहून जास्त फरक नसावा. पहिल्या एकदोन पायऱ्यांत शरीर उंची शिकते आणि पुढे डोळे दुसरीकडे वळवते. पाऊल पायरीच्या कडेवरून अगदी थोड्या अंतराने जात असते, त्यामुळे थोडाही फरक पुरतो. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील 36 व्या रस्त्यावरच्या भुयारी रेल्वे स्थानकात एकाच पायरीवर एकामागून एक माणसे अडखळतानाचे चित्रण लोकांनी पाहिले. ती पायरी बाकीच्यांपेक्षा किंचित उंच होती. चित्रण गाजल्यावर ती दुरुस्त झाली. तोवर अडखळणारा प्रत्येक जण मागे वळून न पाहता पुढे जात होता, बहुधा आपणच वेंधळे आहोत असे समजून.

उंच पायऱ्यांचा, पण सारख्या पायऱ्यांचा जिना माणसाला दमवतो. एका पायरीत खोटा असलेला जिना त्याला पाडतो. त्या एका पायरीची हमी ब्लाँडेलच्या बेरजेत कुठेच नाही. ती मिळते 17 वेळा कंपास टाकूनही खूण चुकली तर पुन्हा खालून सुरुवात करणाऱ्या सुताराकडून. घर बांधताना आपण जिन्याचे लाकूड, पॉलिश आणि कठड्याची नक्षी निवडतो. त्याच बैठकीत सुताराला दोन गोष्टी विचाराव्यात. पायऱ्या किती निघतात, आणि उरलेला इंच तो कुठे घालणार आहे.