लोखंडावरची रेघ

आळंदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इंद्रायणीचा घाट उभा राहतो, टाळमृदंगाचा आवाज कानी येतो. शके १२१८ मध्ये, म्हणजे सन १२९६ मध्ये, ज्ञानेश्वर महाराजांनी येथे समाधी घेतली हे शाळेतले पोरही सांगेल. पण आळंदीहून मरकळच्या रस्त्याला लागा, नाहीतर मोशीवरून भोसरीकडे किंवा चाकणकडे वळा, म्हणजे निराळाच आवाज कानी पडतो. दुतर्फा पत्र्याच्या शेडी आहेत. त्यांतल्या काही शेडींत एक लांबरुंद लोखंडी टेबल असते. त्याच्यावर जाड पत्रा आडवा टाकलेला असतो. पत्र्याच्या वरून एक पूल मागेपुढे सरकतो, पुलावरून एक टॉर्च डावीउजवीकडे धावते, आणि तिच्या टोकाची निळसर पांढरी ज्योत लोखंडातून लोण्यातून सुरी जावी तशी जाते. माणसाचा हात कोठेच लागत नाही. या यंत्राला कारखान्यात सीएनसी प्लाझ्मा कटिंग टेबल म्हणतात.

जेथे भिंत चालवल्याची कथा घरोघर सांगतात, तेथे लोखंडी पूल आपोआप चालताना पाहून कोणाला चमत्कार वाटला तर नवल नाही. वस्तुतः त्यात हिशेब आहे, आणि तोही बराचसा आपल्या शाळेत शिकवला जाणाराच. हा हिशेब लोखंडापर्यंत कसा पोचला, आणि त्यातून आपल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना काय घेण्यासारखे आहे, हे आज आपण पाहू.

लोखंड कापणे हे काम मुळात दोन कामांचे मिळून झालेले आहे. एक, कोठे कापायचे त्याची रेघ ठरवणे. दुसरे, त्या रेघेवरून न ढळता जाणे. आपल्या गावच्या लोहाराकडे ही दोन्ही कामे एकाच हाताकडे होती. भात्याने फुललेल्या कोळशात लोखंड लाल करायचे, सांडशीने धरून ऐरणीवर ठेवायचे, छिन्नी लावायची आणि घणाचा घाव घालायचा. रेघ त्याच्या नजरेत असे. फाळ कसा हवा, कुऱ्हाडीचे पाते किती रुंद हवे, हे कागदावर कधी उतरलेच नाही. बापाच्या हातातून ते मुलाच्या हातात गेले, आणि सुगीला मिळणाऱ्या बलुत्यावर त्या कसबाचे घर चालले.

ही रेघ कागदावर आणणारी माणसे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांतले ठळक नाव. त्यांचा जन्म १८६९ चा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईला गेले. पण रंग नीट ओळखू येत नाहीत असे कळल्यावर यंत्रांच्या आकृत्या काढण्याकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. म्हणजे महाराष्ट्राचा हा थोर कारखानदार आधी ड्रॉइंग मास्तर होता, हे शिक्षक बंधुभगिनींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९०३ मध्ये त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. नांगराचा आकार आता लोहाराच्या नजरेत न राहता आकृतीत आणि साच्यात आला. त्यामुळे शंभरावा नांगर पहिल्यासारखाच निघू लागला, आणि मोडलेला भाग बदलता येऊ लागला.

त्याच १९०३ साली फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार या दोघांनी ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांच्या मिश्रणावर चालणारी टॉर्च सिद्ध केली. आपण जिला गॅसची कटिंग म्हणतो ती येथून वाढली. तिच्यातील गंमत अशी की, गॅसने कापताना लोखंड नुसते वितळत नाही, ते जळते. ज्योतीने लोखंड सुमारे ९०० अंशांपर्यंत लाल करायचे आणि मग त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा. लोखंड पेटते आणि झालेली राख, म्हणजे मळी, झोताबरोबर खाली उडते. भारतात १९३५ मध्ये इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी निघाली, आणि पुढे गॅसच्या नळकांड्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या. घणाचे काम ज्योतीने घेतले. पण रेघ अजून माणसाच्याच हाती होती. पत्र्यावर खडूने आखायचे, नाहीतर साचा ठेवायचा, आणि श्वास रोखून हात चालवायचा. हात थरथरला की कड दातेरी झालीच.

या गॅसला एक मर्यादा होती. जे जळते तेच तिला कापता येई. ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या अंगावर हवेमुळे जो पापुद्रा धरतो तो २००० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. स्टेनलेस स्टीलचेही थोडेफार असेच. मग ही धातू कापावी कशाने? याचे उत्तर विजेने दिले. वायू फार तापला, की त्याचे अणू फुटून तो वीज वाहू लागतो. या अवस्थेला अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये प्लाझ्मा हे नाव दिले. आकाशातली वीज हे त्याचे आपल्या परिचयाचे रूप. युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागातील रॉबर्ट गेज याला १९५७ मध्ये प्लाझ्मा टॉर्चचे पेटंट मिळाले. युक्ती साधी होती. विजेची ठिणगी आणि वायू ही दोन्ही तांब्याच्या एका बारीक छिद्रातून दाबून बाहेर काढायची. नदीचे पात्र अरुंद झाले की पाण्याला ओढ येते ना, तसेच येथे होते. झोताचे तापमान वीस हजार अंशांच्या घरात जाते. त्यापुढे कोणतीही धातू टिकत नाही; ती वितळते आणि उडून जाते. १९८० च्या दशकात साध्या दाबाच्या हवेवर चालणारी लहान यंत्रे निघाली, आणि प्लाझ्मा मोठ्या कारखान्यांतून लहान शेडीत आला.

आता राहिली रेघ. ती आकड्यांत कशी गेली? अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचा कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. पात्याची वाकडी कड साच्याने नेमकी येईना. तेव्हा त्याने कडेवरच्या बिंदूंची मोजमापे काढून तीच यंत्राला द्यावी असा विचार केला. त्यावरून मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेत जे यंत्र तयार झाले ते १९५२ मध्ये लोकांना दाखवण्यात आले. भोके पाडलेल्या कागदी फितीवरून ते आपले आकडे वाचत असे. पुढे १९७० च्या दशकात फितीच्या जागी लहान संगणक आला. सीएनसी या तीन अक्षरांचा अर्थ एवढाच, की संगणक आकडे वाचतो आणि यंत्राला हलवतो.

आपला हा टापू या कथेत कसा शिरला तेही पाहा. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, भोसरी-चिंचवडच्या माळावर प्लॉट पडले, आणि त्याच दशकात, पुढे टाटा मोटर्स झालेली, टेल्को येथे आली. ज्या चाकणच्या किल्ल्यात १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्ताखानाला दीड महिन्याहून अधिक झुंजवले, त्या चाकणला १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. मोठ्या कारखान्यांना ट्रॉल्या लागतात, घोडे लागतात, यंत्रांची झाकणे आणि पाये लागतात. ही कामे लहान शेडींकडे येतात. आज दहा नग, उद्या निराळे पाच. अशा फुटकळ कामाला साचे करणे परवडत नाही. आकड्यांना मात्र साचा लागत नाही. म्हणून हे टेबल येथे रुजले.

आपण म्हणाल, असले यंत्र म्हणजे लाखांचा मामला, तो आमच्या आवाक्यातला कोठला? येथेच या यंत्राचा खरा विशेष आहे. लेथमध्ये हत्यार धातूला टेकते, रेटते. त्या रेट्यापुढे यंत्र हलू नये म्हणून ते ओतीव आणि वजनदार करावे लागते. प्लाझ्माची टॉर्च पत्र्याला टेकतच नाही, मग रेटा कोठून येणार? त्यामुळे टेबलाला वजनापेक्षा सरळपणा हवा. वेल्डिंग जाणणारा आणि मोजमापात काटेकोर असणारा माणूस ते स्वतः बांधू शकतो. पुष्कळांनी ते बांधलेही आहे. विजेचे यंत्र, मोटारी आणि रूळ विकत घ्यावे लागतात. बाकीचे आपल्या हातचे.

बांधणी अशी. अँगलची चौकट करावी आणि तीवर लोखंडी पट्ट्या उभ्या कडेने बसवाव्यात. त्यांवर पत्रा टेकतो. खाली पाण्याची उथळ टाकी असावी, म्हणजे धूळ आणि ठिणग्या तिच्यात विरतात. दोन बाजूंना रूळ आणि त्यांवर पूल. पत्रा बहुधा २५०० मिलिमीटर लांब आणि १२५० रुंद मिळतो. दोन रुळांवर असा आयत आखून त्याचे कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे २७९५ मिलिमीटर भरले, तर कोपरे काटकोनात आहेत. गवंड्याचा गुण्या एवढ्या अंतरावर पुरत नाही; येथे भुज, कोटी आणि कर्ण हेच उपयोगी पडतात. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत मांडलेले गणित मरकळच्या शेडीत असे कामाला येते.

मोटारीचेही तसेच. ही मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते. तिच्या चक्राचा घेर ६२.८ मिलिमीटर असला, तर एका पावलाला पूल ०.३१ मिलिमीटर सरकतो. पट्ट्याने चार फेऱ्यांचा एक फेरा केला, की हेच पाऊल ०.०८ मिलिमीटरवर येते. त्रैराशिकापलीकडे यात काही नाही.

आणि आकृती? समजा, एका गोल पत्र्यावर समान अंतराने सहा भोके हवीत, आणि त्या वर्तुळाची त्रिज्या १०० मिलिमीटर आहे. जुना कारागीर कंपासात त्रिज्या धरून परिघावर सहा खुणा करीत असे, आणि त्या चोख येत. यंत्राला क्ष-अक्ष आणि य-अक्ष यांवरचे अंतर सांगावे लागते: पहिले भोक १०० आणि ०, दुसरे ५० आणि ८६.६, तिसरे उणे ५० आणि ८६.६. शिवाय ज्योतीची चीर दीडएक मिलिमीटर रुंद असते. सुतार करवतीची चीर सोडतो तसे भोकाच्या रेघेपासून पाऊण मिलिमीटर आत आणि बाहेरच्या कडेला तेवढेच बाहेर राहावे लागते. उणे संख्या कशाला शिकायच्या, असे विचारणाऱ्या मुलाला हे उत्तर द्यावे. उण्याचे अधिक झाले, तर भोक पत्र्याच्या भलत्याच बाजूला पडते.

पण हाताचे कसब संपले असे मात्र समजू नका. टॉर्च पत्र्यापासून किती उंचीवर आहे हे यंत्र विजेच्या दाबावरून ओळखते. अंतर वाढले की दाब वाढतो. तरी कापाची कड पाहून आणि आवाज ऐकून बिघाड ओळखतो तो जुना कारागीरच. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येते आणि तांब्याचे नोझल अवेळी जळते. हवा कोरडी करण्याची व्यवस्था हवी हे तोच सांगतो. अर्थिंग कच्चे असेल तर ठिणगीच्या धक्क्याने संगणक चुकतो. ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, जस्ताच्या पत्र्याचा धूर छातीत घेऊ नये, आणि टाकीत ॲल्युमिनिअमचा गाळ साचू देऊ नये, कारण त्यातून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. आणखी एक गोष्ट आळंदीकरांसाठी मुद्दाम सांगतो. टाकीतले पाणी धातूच्या कणांनी भरलेले असते. ते ओढ्यात सोडले तर इंद्रायणीलाच मिळणार. अलीकडच्या वर्षांत त्या पात्रावर फेसाचे थर आपण पाहिले आहेत. ज्या नदीत वारकरी स्नान करतो, तीत आपल्या शेडीतला गाळ तरी जाऊ नये.

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट दिसते. लोहाराच्या नजरेतली रेघ कागदावर गेली, तेव्हा ज्यांना आकृती वाचता येत नव्हती ते मागे पडले. कागदावरची रेघ आकड्यांत गेली, तेव्हा खडूने आखणारे आणि गॅस चालवणारे किती तरी चांगले हात रिकामे झाले. त्यांचे नुकसान खरे आहे. यंत्राच्या कौतुकात ते विसरू नये. परंतु या वेळी एक दार उघडेही राहिले आहे. अमेरिकेच्या सरकारी मापन संस्थेने १९९० च्या दशकात असे यंत्र चालवणारा संगणकीय कार्यक्रम तयार केला आणि तो सर्वांना खुला केला. त्यातूनच वाढलेला लिनक्स सीएनसी आजही कोणालाही फुकट मिळतो. अडचण भाषेची आहे. त्याची माहिती बहुतेक इंग्रजीत, आणि शेडीत काम करणारा मुलगा मराठी शाळेत शिकलेला. गीतेचा अर्थ शके १२१२ मध्ये मराठीत आला तो याच अडचणीवर उपाय म्हणून. लोखंडाची विद्याही तशीच मराठीत यायला हवी, नाहीतर आमची मुले बटण दाबणारी होतील आणि यंत्र बांधणारे दुसरेच असतील.

म्हणून शिक्षक मित्रांना एवढीच विनंती. आलेखाचा तास असेल त्या दिवशी फळ्यावर या सहा भोकांचा पत्रा काढा. जवळपास अशी एखादी शेड असेल, तर मालकाची परवानगी काढून मुलांना तेथे न्या, काळे चष्मे मात्र न विसरता. लोखंडावर चालणारी रेघ आणि आपल्या वहीतली रेघ एकच आहे, हे एकदा त्यांच्या डोळ्यांनी पाहिले, म्हणजे पुढचे ती विचारत जातील.