चौलचा हुनरमान आणि साठ दिवस

परमुलखात राहण्याचा हक्क नेमका कशाला बांधलेला असावा? अमेरिकेतील मराठी अभियंत्याला नोकरी बदलताना पडणाऱ्या या प्रश्नाची दोन जुनी उत्तरे आम्हांस चौलच्या इतिहासात दिसतात.

इ. स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी 'सैमूर'ला, म्हणजे चौलला आला. शिलाहार राजा झंझ याच्या या बंदरात त्याला सुमारे १०,००० मुसलमान आढळले. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, काही इथेच जन्मलेले. त्यांचा न्यायनिवाडा करण्यासाठी राजा त्यांच्यातीलच एकाला 'हुनरमान' नेमी. परक्याचे स्थान असे समाजाच्या नावे होते, एका धन्याच्या नावे नव्हे.

पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन घोडा घेऊन चौललाच उतरला. पुढे जुन्नरला असदखानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्यास चार दिवसांची मुदत दिली. खुरासानच्या एका वजनदार गृहस्थाने रदबदली केली, म्हणून तो सुटला.

एच-१बी व्हिसा मालकाच्या अर्जावर मिळतो. २००० सालच्या कायद्याने, दर्जा शाबूत असताना नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच तिथे रुजू होण्याची मुभा दिली. नोकरी सुटल्यास, २०१७ पासून, फार तर साठ दिवस मिळतात. वास्तव्याची मुदत आधी संपली तर त्याहून कमी. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, नाहीतर घर, मुलांची शाळा आवरून निघायचे. निकितिनच्या चार दिवसांपुढे ही मुदत उदारच. परंतु हक्क अजून धन्याच्याच दाराशी बांधलेला आहे. हुनरमानाच्या चौलने तो तसा बांधला नव्हता, हे आम्हांस विसरवत नाही.